जुळणीबाईने तोडलेली लाइन

बंदराच्या कचेरीत तिला सगळे जुळणीबाई म्हणत. ती आत आली की शिपायापासून साहेबापर्यंत कोणीतरी हमखास विचारायचं, "काय, जुळलं का आज?" आणि पर्स खुंटीला अडकवत ती म्हणायची, "जुळेल. न जुळून जातंय कुठे?" लोक हसायचे. ती कामाबद्दल बोलतेय असं त्यांना वाटायचं. ती निम्मीच कामाबद्दल बोलत असायची.

काम असं होतं. नदी समुद्राला मिळते तिथलं हे बंदर. नदी गाळ आणायची, गाळाचे उंचवटे पाण्याखाली सरकत राहायचे, आणि काल जिथून भलंमोठं जहाज आरामात गेलं तिथे आज होडीसुद्धा टेकायची. म्हणून पाण्यातल्या वाटेचे तुकडे पाडले होते आणि प्रत्येक तुकड्याची खोली कॉम्प्युटरवर नोंदलेली असायची. पण ती नोंद एकाच जागी असून भागत नव्हतं. किनाऱ्यावर अशी बंदरं पुष्कळ, आणि मुख्य कचेरी पार लांबच्या शहरात. दर वेळी तिकडे विचारायचं म्हटलं तर उत्तराला वेळ लागायचा, आणि मधली लाइन बंद पडली तर उत्तरच नाही. तोवर जहाजाने काय पाण्यात उभं राहून वाट बघायची? म्हणून मूळ नोंद मुख्य कचेरीत आणि तिची एकेक प्रत प्रत्येक बंदरात. खोली मोजणारी बोट रोज सकाळी इथेच डोळ्यांसमोर फिरायची, पण तिने मोजलेलं आधी मुख्य कचेरीला जायचं, तिथे तपासलं जायचं, मूळ नोंदीत चढायचं आणि मग सगळ्या बंदरांच्या प्रतींत उतरायचं. या खोलीतून त्या खोलीत निरोप द्यायचा तोही परगावावरून. या सगळ्या प्रती मूळ नोंदीशी जुळत्या ठेवणं, हे तिचं काम.

हे काम तिने हौसेने निवडलं नव्हतं. दातओठ खाऊन निवडलं होतं.

तिचे बाबा याच बंदरात पायलट होते. पायलट म्हणजे विमानाचे नव्हेत. बाहेरून आलेल्या जहाजावर चढून त्याला गाळ चुकवत धक्क्यापर्यंत आणणारे. माणूस मोठा गप्पिष्ट. घरी आले की पायातले बूट काढण्याआधी त्या दिवशीच्या कप्तानाची नक्कल सुरू व्हायची. आई ओरडायची, "आधी हातपाय धुवा, मग बोला." तरी दारात उभी राहून ऐकायची तीच. सुट्टीच्या दिवशी बाबा मुलीला धक्क्यावर न्यायचे आणि पाण्याचा रंग दाखवायचे. "ते बघ, तिथे पाणी चहासारखं दिसतंय ना? तिथे खाली गाळ वर आलाय. जहाजाला ते कळत नाही. आपल्याला कळायला हवं."

ती शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना बाबांनी आणलेलं एक जहाज गाळात रुतलं. त्या दिवशी हवा इतकी धुरकट होती की पाणी दिसतच नव्हतं. बाबांनी निघण्याआधी स्क्रीनवर खोली बघितली होती. खोल दाखवत होतं. ते निघाले, आणि वाटेच्या मधोमध जहाज बसलं. जीव कोणाचा गेला नाही, पण वाट अडली आणि सगळं बंदर ठप्प झालं. मग चौकशी बसली.

प्रतींची ही सगळी यंत्रणा ज्या कंपनीने बसवली होती तिने आपला एक तरुण इंजिनिअर साक्षीला पाठवला. पांढराशुभ्र शर्ट, गोड आवाज. तो म्हणाला, "मूळ नोंदीत सकाळपासून उथळ होतं. आणि आमच्या सगळ्या प्रती सदासर्वकाळ सारख्याच असतात. म्हणजे इथेही उथळच दिसत असणार. पायलटसाहेबांनी बघितलं नसावं."

"मी बघितलं," बाबा म्हणाले. "खोल होतं."

पण तोवर स्क्रीन बघायला गेलेल्यांना तिथे उथळच दिसलं होतं. बाबा खोटे ठरले. त्यांचा परवाना गेला.

पुढे त्यांना फेरीबोटीच्या धक्क्यावर दोर धरायचं काम मिळालं. ज्या कप्तानांच्या ते नकला करायचे, ते शेजारून जाताना मान दुसरीकडे वळवायचे. बाबा घरी येऊन बूट काढायचे, हातपाय धुवायचे आणि गप्प बसायचे. आईने एकदा त्यांना हसवायला स्वतःच एका कप्तानाची नक्कल करून बघितली. ते उठून आतल्या खोलीत गेले.

मुलीने त्या दिवशी मनाशी गाठ मारली. त्या पांढऱ्या शर्टाला ती विसरणार नव्हती.

ती कॉम्प्युटर शिकली, आणि त्यातही लांब लांब ठेवलेल्या प्रती सारख्या कशा ठेवायच्या हेच हट्टाने शिकली. बाबांचं काय झालं ते तिला वर्गातल्या बाकावर बसल्या बसल्या उमगलं. मधली लाइन तुटली असणार. मुख्य कचेरीत नवीन मोजणी चढली, पण बंदरातल्या प्रतीपर्यंत ती पोचलीच नाही. प्रत बिचारी जुनंच बोलत राहिली, आणि आपण बोलतोय ते कधीचं आहे हे सांगायची तिला सोयच नव्हती. नंतर लाइन जुळली, प्रत गुपचूप सुधारली आणि लोक बघायला आले तेव्हा साळसूदपणे उथळ दाखवू लागली. उपाय काही फार अवघड नव्हता. प्रत्येक प्रतीला थोड्या वेळाची मुदत द्यायची. त्या मुदतीत मुख्य कचेरीशी बोलणं झालं नाही तर प्रतीने सरळ म्हणायचं, मला माहीत नाही. त्या पांढऱ्या शर्टाला हे कळत नव्हतं असं अजिबात नाही. गिऱ्हाइकाला स्क्रीनवर 'माहीत नाही' दिसलं तर वाईट दिसेल, म्हणून त्याने ते केलं नव्हतं.

हे उमगलं तेव्हा तिने वही मिटून डोकं बाकावर टेकलं. मैत्रिणीने विचारलं, "बरं नाही का?" ती म्हणाली, "उलट. फार बरं वाटतंय."

शिक्षण झाल्यावर ती बंदराच्याच नोकरीत शिरली. एव्हाना पांढऱ्या शर्टाचा कंपनीत वरचा साहेब झाला होता. प्रत्येक बैठकीत 'सदासर्वकाळ सारख्या' म्हणायची त्याची सवय गेली नव्हती, त्यामुळे कचेरीत त्याला सदासारखे असंच नाव पडलं होतं. नवीन माणसांना तर ते त्याचं आडनावच वाटायचं. ती मुदतीची गोष्ट दर वर्षी त्याच्यापुढे मांडायची आणि तो दर वर्षी हसून टाळायचा.

अशाच एका बैठकीत तिने विचारलं, "सर, पण कधी प्रत जुनी राहून अपघात झाला तर?"

"छे. एकदा एका पायलटने स्वतःची चूक आमच्यावर ढकलायचा प्रयत्न केला होता. टिकला नाही."

"कोण पायलट?"

तो चहाचा घोट घेत आठवत राहिला. मग म्हणाला, "जाऊ दे हो, मॅडम. नावं कोण लक्षात ठेवतं?"

इतकी वर्षं तिला वाटत होतं की त्या माणसाला निदान कधीतरी टोचत असेल. त्याला तर नावही आठवत नव्हतं. त्या बैठकीतून ती बाहेर आली ती थेट धक्क्यावर गेली, आणि पाण्याकडे बघत उभी राहिली. नुसता धडा शिकवून आता भागणार नव्हतं. त्याला गाळात बसवायचं, आणि खरं काय ते त्याच्याच तोंडून, चारचौघांत वदवून घ्यायचं, असं तिने तिथेच ठरवलं.

संधी चालत आली. सगळ्या बंदरांची जुनी यंत्रणा बदलून सदासारख्यांची नवी यायची होती आणि तिची चाचणी याच बंदरात ठरली. चाचणी घेणार जुळणीबाई. नवीन यंत्रणेतही मुदत नव्हतीच. फक्त रंग बदलले होते.

"सर, एक चाचणी लाइन तोडून घ्यायची आहे," ती म्हणाली. "लाँच पाण्यात गेली की मुख्य कचेरीची लाइन मी इथून तोडते. लाँचवरच्या स्क्रीनला आपल्या बंदरातल्या प्रतीकडून उत्तर मिळत राहतं का, ते बघायचं."

"तोडा की. आमच्या प्रतीला ढिम्म फरक पडत नाही."

"तुम्ही स्वतः लाँचवर असलात तर बंदराच्या अध्यक्षांनाही बरं वाटेल."

"मी असणारच," सदासारखे म्हणाले. स्वतःचं कौतुक होणार असेल तर ते कुठेही जाऊन बसायचे.

लाँच चालवणार होता बंदराचा जुना तांडेल. त्याला तिने बजावलं, "आज पाण्याकडे बघायचं नाही. स्क्रीन म्हणेल तसंच जायचं. चाचणी स्क्रीनची आहे." तांडेल म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, ताई." बाकी काही तिने त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याचा हात चाकावर आपोआप वळला असता, अशी तिला भीती होती.

चाचणीच्या दिवशी सकाळी ती धक्क्यावर जाऊन आली. वाटेच्या वळणावर पाणी चहासारखं झालं होतं. मोजणीची बोट तिथूनच परतत होती. म्हणजे मोजणी आता मुख्य कचेरीला जाणार, तिथे चढणार, आणि थोड्या वेळाने इथल्या प्रतीत उतरणार. ती कंट्रोल रूममध्ये आली, आणि लाँच निघाल्यावर तोडायची ती लाइन तिने तेव्हाच तोडली. कोणाला पत्ता लागला नाही. मग तिने शांतपणे चहा मागवला. 

ओहोटी लागली तशी लाँच निघाली. आत तांडेल आणि सदासारखे, दोघेच. धक्क्यावर कचेरीची सगळी माणसं कठड्याला टेकून उभी. वळणापाशी लाँच ऐटीत वळली, आणि कोणी मागून शर्ट धरून ओढावं तशी जागच्या जागी थांबली. सदासारखे पुढच्या पुढे पाण्यात गेले. पाणी गुडघाभरच होतं, पण गाळ मांडीपर्यंत होता. ते उठायचे आणि बसायचे. पुन्हा उठायचे आणि पुन्हा बसायचे. पांढरा शर्ट छातीपर्यंत काळा झाला. धक्क्यावर आधी कोणीतरी खोकलं, मग सगळेच हसू लागले.

खिडकीतून ती बघत होती. तिने दुर्बीण लावून एकदा मजेत सगळं बघून घेतलं. तिने वायरलेस उचलला.

"सर, स्क्रीन काय म्हणतेय?"

 तांडेल त्यांना ओढून लाँचमध्ये घेत होता, डाव्या हाताने. त्याचा उजवा हात चाकावर आपटून लोंबत होता. ते तिला दुर्बिणीतून दिसलं. हे तिने धरलंच नव्हतं. गाळ मऊ होता, लाँच सपाट बुडाची होती, कोणाला काही होणार नाही असा तिचा हिशेब होता.

"सर, स्क्रीन काय म्हणतेय?" तिने पुन्हा विचारलं.

तेवढ्यात मागे बसलेल्या ऑपरेटरने, मुख्य कचेरीकडून मदत मागवावी म्हणून, तोडलेली लाइन घाईघाईने जोडली. तिने वळून "थांब" म्हणेपर्यंत इथली प्रत सुधारली होती. अध्यक्ष जिना चढून धापा टाकत आत आले तेव्हा स्क्रीनवर उथळ होतं. आणि वायरलेसवर सदासारख्यांचा चिखलाने भरलेला गोड आवाज आला, "उथळ म्हणतेय. मघापासून उथळच म्हणतेय. तांडेलने बघितलंच नाही."

भरती येईपर्यंत दोघे तिथेच उन्हात बसून राहिले. पण तिची मजा संपली होती. बाबांचं झालं होतं तेच तांडेलचं होत होतं, आणि या वेळी ते तिने केलं होतं.

तांडेलला त्याच दिवशी कामावरून थांबवलं. नाव रुतली की नाव चालवणाऱ्याची चूक, असा बंदराचा सरळ कायदा. चौकशी बाबांच्या वेळच्याच लांबट खोलीत बसली. तांडेल हात गळ्यात बांधून कोपऱ्यात बसला होता. भिंतीशी काही जुने पायलट होते, निवृत्त झालेले, वेळ घालवायला आलेले.

सदासारखे म्हणाले, "ठरल्याप्रमाणे लाइन तोडली गेली ती लाँच निघाल्यावर. सकाळची मोजणी त्याच्या कितीतरी आधी इथे पोचलेली होती. स्क्रीनवर उथळच होतं. आमच्या सगळ्या प्रती सदासर्वकाळ..."

"लाइन सकाळीच तुटलेली होती," जुळणीबाई उभी राहून म्हणाली.

"कशावरून?" सदासारखे हसले. "अशी काही तक्रार नाही. ऑपरेटरला माहीत नाही. कोणी बघितली तुटलेली?"

लाइन आपोआप तुटली, असं सांगायचं तिने आधी ठरवलं होतं. त्याने नोकरी वाचली असती. पण आपोआप तुटलेली लाइन बघितलेला माणूस एकही नव्हता. बाबांपाशीही नव्हता. तिने कोपऱ्यातल्या गळ्यात बांधलेल्या हाताकडे बघितलं.

"मी तोडली," ती म्हणाली. "मोजणीची बोट परतत होती तेव्हा. ती मोजणी इथे पोचू नये म्हणूनच तोडली. लाँच रुतणार हे मला माहीत होतं."

 अध्यक्षांनी चष्मा काढून हातात घेतला. सदासारख्यांचा चेहरा मात्र उजळला. हातात आयतंच सावज आलं होतं.

"ऐकलंत?" ते अध्यक्षांना म्हणाले. "सगळा दोष यांचा. यांनी मुद्दाम केलं."

"हो, माझाच. मला काय शिक्षा करायची ती करा," ती म्हणाली. "पण सर, तुमची प्रत तर सारखीच असते ना? मग लाइन तोडल्याने काय बिघडलं?"

"काय बिघडलं म्हणजे?" त्यांचा आवाज चढला. "लाइन तोडल्यावर प्रत जुनंच दाखवणार. कुठेही जुनंच दाखवणार. नवीन मोजणी झाली हे तिला काय स्वप्नात येऊन कोणी सांगणार आहे?"

बोलून झालं आणि मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं. ओठ तसेच अर्धवट उघडे राहिले.

भिंतीपाशी बसलेला एक म्हातारा पायलट सावकाश उठला. तो म्हणाला, "अध्यक्ष, याच खोलीत याच माणसाने आमच्या एका सोबत्याचा परवाना घालवला होता. तेव्हा हा म्हणाला होता की प्रत जुनं दाखवूच शकत नाही. मी तेव्हा इथेच बसलो होतो आणि गप्प बसलो होतो. आज गप्प बसणार नाही."

"कोण सोबती?" अध्यक्षांनी विचारलं.

"ते सरांना विचारा," जुळणीबाई म्हणाली. "सर, नाव सांगा."

सदासारख्यांना नाव सांगता आलं नाही. ते इकडे तिकडे बघू लागले. कोणी त्यांच्याकडे बघून मान हलवली नाही. ती उभीच राहिली. तिला घाई नव्हती. तिने त्यांना आठवू दिलं, घाम पुसू दिला, पाणी पिऊ दिलं. शेवटी अध्यक्षांनीच त्या म्हाताऱ्याला नाव विचारलं, तेव्हा कुठे ती खाली बसली.

निकाल लागला. तांडेल कामावर परत आला. सदासारख्यांच्या यंत्रणेला सगळ्या बंदरांनी नकार दिला आणि त्यांच्या कंपनीने त्यांना गाठोडं बांधून घरी पाठवलं. जुळणीबाईची नोकरी गेली ती गेलीच. जाणूनबुजून माणसं गाळात घालणाऱ्या बाईला बंदरात ठेवता येत नाही, असं अध्यक्ष म्हणाले आणि त्यात काही खोटं नव्हतं. तिने खुंटीवरची पर्स घेतली. त्या दिवशी तिला 'जुळलं का' असं कोणी विचारलं नाही.

कचेरीतून निघून ती आधी तांडेलच्या घरी गेली. दार त्याच्या बायकोने उघडलं आणि अर्ध्यातच धरून ठेवलं. तांडेल आतूनच बोलला.

"हाड वाकडं जुळलंय, ताई. चाक आता डाव्या हाताने फिरवतो."

"माझं चुकलं," ती म्हणाली.

"त्या माणसाला रुतवायचंय असं मला सांगितलं असतंत, तर मी हसत हसत रुतवला असता. दुसऱ्यांदाही रुतवला असता. पण तुम्ही मला सांगितलं नाहीत."  मग तो म्हणाला, "या आता."

दार लागलं. ती जिना उतरून खाली आली. तांडेलच्या हाताचं दुःख तिला होतं आणि पुढेही राहिलं. सदासारख्यांची मात्र तिला त्या दिवशी दया आली नाही, आणि नंतरही कधी आली नाही. पुढे एका इस्पितळांच्या कंपनीत तिला काम मिळालं, रुग्णांच्या नोंदींच्या प्रती सांभाळायचं. तिथे पहिल्याच आठवड्यात तिने प्रत्येक प्रतीला मुदत लावली. कोणी विरोध केला की ती चिखलातला तो शर्ट आठवायची आणि मनातल्या मनात शांत व्हायची.

पण ते पुढचं. तांडेलकडून ती घरी आली तेव्हा बाबा खिडकीशी बसले होते. म्हाताऱ्या पायलटाने बातमी आधीच पोचवली होती. आता बोलणी खावी लागणार अशा तयारीनेच ती त्यांच्यासमोर बसली.

"तांडेलचा हात मोडला म्हणे," बाबा म्हणाले.

"हो."

"वाईट केलंस."

"हो."

बाबांनी खिडकी लावली. मग खुर्ची ओढून तिच्याजवळ आले आणि आवाज बारीक करून विचारलं, "तो गाळातून उठायचा कसा, ते सांग. आधी हात टेकायचा की गुडघा?"

"आधी हात. मग हात रुतायचा."

"मग?"

"मग तो हात काढायला दुसरा हात."

बाबा उठले. त्यांनी खुर्चीच्या पाठीला धरलं, एक हात खाली टेकला, तो ओढायला दुसरा टेकला, आणि सदासारख्यांसारखं तोंड अर्धवट उघडं ठेवून तिच्याकडे बघितलं. आतून गॅस बंद केल्याचा आवाज आला. हात पुसत पुसत आई दारात येऊन उभी राहिली.

"मला काही दिसलं नाही," ती म्हणाली. "पुन्हा करा."